तुमच्या शाळेचे हेडसर, हेडबाई: अनुभव लिहा

रानजाई
जालिंदरनगरच्या (ता. खेड, जि. पुणे) जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला, ती बातमी भाचीने आज परत पाठवली. तिथले मुख्याध्यापक दत्तात्रय वारे गुरुजी. त्यांची 'विषयमित्र' पद्धत म्हणजे ज्याला जे येतं ते त्याने दुसऱ्याला शिकवायचं, इयत्ता न बघता. वाचता वाचता आमच्या हेडबाई आठवल्या आणि स्वयंपाक तसाच ठेवून लिहायला बसले.

संगमनेर तालुका, नव्वदीची सुरुवात. दिवाळी झाली की कारखाना सुरू व्हायचा, बीडकडच्या टोळ्या यायच्या आणि ऊसतोडीच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) शाळेच्या मागेच पडायच्या. त्या पोरांकडे दाखला नसायचा, गावाकडची शाळा अर्धवट टाकून आलेली. बाई म्हणायच्या, "दाखला मागनं येईल, पोरगं आधी वर्गात बसू दे." आमच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून दाभणाने शिवायच्या आणि त्यांना द्यायच्या. काही पालकांना हे रुचलं नव्हतं. बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं नाही, स्वतः त्यांच्या घरी गेल्या, ओट्यावर बसून बोलल्या. पुढे त्यातल्याच एका काकूंनी टोळीच्या मुलींना रिबिनी आणून दिल्या.

दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आलं. बाई ते कधीपासूनच करत होत्या. पुरस्कार मात्र त्यांना कधी मिळाला नाही. तुम्हीही लिहा तुमच्या हेडसर-हेडबाईंबद्दल.

माणदेशी
मंगळवारचा बाजार. सर पिशवी घेऊन यायचे आणि रिकामीच घेऊन जायचे, कारण भाजी घ्यायला यायचेच नाहीत. बियाणाच्या दुकानापाशी उभं राहायचं आणि ज्याची पोरगी सातवीनंतर शाळेत यायची थांबली त्या बापाला गाठायचं. "पाटील, पोरगी कुठाय?" सगळ्यांसमोर नाही हां, बाजूला घेऊन, खांद्यावर हात टाकून. माझी थोरली बहीण तशीच परत शाळेत गेली. आज सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्या घरात सरांचं नाव निघालं की आई अजून हात जोडते.

सर स्वतः साताऱ्याच्या बोर्डिंगात वाढलेले. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते सांगताना सरांचा आवाज बदलायचा. शिक्षण म्हणजे काय असं त्यांनी कधी भाषणात सांगितल्याचं मला आठवत नाही. कमवा आणि शिका मात्र आमच्याकडून करून घेतलं. शाळेच्या रानात आम्ही कांदा लावायचो आणि त्या पैशातून गरजू पोरांची परीक्षा फी भरली जायची.

शेवटचा बाक
माणदेशी, ती रिकामी पिशवी फार आवडली. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटाची किल्ली हेडसरांनी सातवीतल्या एका मुलाकडे दिली होती. अभ्यासात मागे, पण पुस्तकांचा वेडा. शिक्षक म्हणाले, पुस्तकं हरवतील. सर म्हणाले, "हरवली तर वाचायलाच नेली असतील कुणीतरी." बाकी रात्री लिहितो, डोंबिवली आली.

चिंचेचं बोटुक
रानजाई, संगमनेर तालुक्यात कुठे? माझं माहेर अकोल्याचं. नगरच्या अकोल्याचं हं, विदर्भातल्या नाही.

रानजाई
@चिंचेचं बोटुक, अगं मग जवळचीच की! प्रवरेकाठचं गाव. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गुलबक्षी
सगळ्यांचे अनुभव वाचून बरं वाटतंय आणि थोडं भरूनही येतंय. माझ्या वाट्याला असे मुख्याध्यापक आले नाहीत. फी राहिली म्हणून प्रार्थनेच्या वेळी नावं वाचून वेगळी रांग करायचे. शाळेचं नाव लिहीत नाही. बाबांची गिरणी बंद होती त्या वर्षी. मी अजूनही मुलाची फी पहिल्याच दिवशी भरते.

रानजाई
गुलबक्षी ❤️ त्या रांगेतल्या पोरीला माझ्याकडून एक मिठी.

माणदेशी
ताई, चूक त्या रांगेत उभं करणाऱ्यांची होती. तुमची आणि बाबांची नव्हे.

समुद्रकाठ
आत्या कोसबाडला शिकली, पुढे पालघरकडे (तेव्हा ठाणे जिल्हा) हेडबाई झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम १९४५ ला बोर्डीला सुरू झालं आणि १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणशाळा, गुरं चरतात तिथेच शिकायचं. आत्या हेच धरून बसलेली. मूल येत नसेल तर शाळेत काय कमी आहे ते आधी बघा, मग मुलाला बोला. भाताच्या लावणीत मोठी मुलं गायब व्हायची, तर ती संध्याकाळी वर्ग भरवायची. साहेब तपासणीला आले की पाठ्यपुस्तकाच्या आधी शंख, शिंपले, बियांचे डबे दाखवायची!

आत्याच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण पण जबरदस्त. विषय सोडून लिहिलं, पण तिच्याबद्दल लिहायचं तर ते आलंच पाहिजे.

शेवटचा बाक
बोंबलाची कृती वेगळ्या धाग्यात टाका ना, प्लीज.

पंचगंगा
कोल्हापुरातून लीलाताई पाटलांचं नाव आलंच पाहिजे. शिक्षक घडवणाऱ्या सरकारी महाविद्यालयात प्राचार्य होत्या, निवृत्तीनंतर १९८५ ला सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मूल घाबरलेलं असेल तर शिकत नाही, हा त्यांचा ठाम आग्रह. माझी चुलत बहीण तिथली. ती लहानपणी घरी येऊन आम्हाला इतके प्रश्न विचारायची की काकू दमायच्या. आम्ही दुसऱ्या शाळेत, आमच्याकडे प्रश्न बाई विचारणार आणि उत्तर आम्ही देणार. तिचा हेवा वाटायचा मला, खरंच.

खडू-डस्टर
मी सध्या जि. प. शाळेत प्रभारी मुख्याध्यापक आहे. सगळं वाचलं आणि हुरूप आला, म्हणून लिहितो. कायद्याच्या निकषात प्राथमिकला दीडशेच्या वर पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापक. आमचा पट त्याच्या खूप खाली. म्हणजे दोन इयत्ता एकत्र शिकवायच्या, पोषण आहाराची नोंद ठेवायची, युडायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती भरायची, निवडणूक आली की बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, आणि यातून वेळ उरला तर हेडसर. रानजाईंच्या बाईंसारखं घरोघर जायची फार इच्छा आहे. गेल्या महिन्यात चार घरी जाऊन आलो, दोन मुलं परत आली.

पंचगंगा
सर, दोन मुलं परत आली हे फार मोठं काम आहे.

चिंचेचं बोटुक
खडू-डस्टर सर, आमच्या लेकीच्या शाळेतही असेच एकटे धडपडणारे सर आहेत. पालकांनी माहिती भरायला मदत केली तर चालतं का? मी संगणकावर पटापट टाइप करते.

खडू-डस्टर
ताई, ऑनलाइन माहिती आम्हालाच भरावी लागते. पण शनिवारी कुणी गोष्ट सांगायला आलं तर तेवढा वेळ मी मागे पडलेल्या मुलांना देऊ शकतो. तुमच्या सरांना विचारून बघा. आणि समुद्रकाठ, आत्यांचे ते बियांचे डबे कसे वापरायचे? पहिलीला दशक-एकक अडलंय.

समुद्रकाठ
आत्याला फोन लावला. ती म्हणते, चिंचोके घ्या. मुलांना आधी नुसते खेळू द्या, मोजायला सांगू नका. मग दहा-दहा चिंचोके चिंधीत बांधून पुरचुंड्या करायला लावा. तेवीस मागितले की दोन पुरचुंड्या, तीन सुटे. सुटे दहा झाले की मुलं आपणहून नवी पुरचुंडी बांधतात, तोवर फळ्यावर आकडा लिहू नका. आणि चिंध्या वेगवेगळ्या रंगांच्या नकोत, मुलं रंगालाच किंमत देतात म्हणे.

खडू-डस्टर
आत्यांना नमस्कार सांगा. चिंचोके शाळेमागेच पडलेत ढीगभर, उद्या मुलांनाच वेचायला नेतो.