नगरपरिषदेत आर्थिक सल्ला केंद्र : अनुदान १५ लाखांचं, मागणी ५,००० लाभार्थ्यांची

(मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काठपदर

आमचा न्यास नोंदणीकृत आहे. १२ए आणि ८०जी (करसवलतीच्या नोंदण्या), सीएसआर-१ (कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठीची नोंदणी) सगळं जागेवर आहे. एका कंपनीचं फाउंडेशन १८ महिन्यांसाठी १५ लाख द्यायला तयार झालंय. काम 'ब' वर्ग नगरपरिषदेसोबतचं : फेरीवाले, घरकामगार आणि ठेक्यावरचे सफाई कामगार यांच्यासाठी मोफत आर्थिक सल्ला केंद्र. चार ठिकाणी अडलंय.

१) मुख्याधिकारी म्हणतात, रक्कम नगरपरिषदेकडे जमा करा, पुढचं आम्ही बघतो. फाउंडेशनला ते नकोय. रीत काय?
२) फाउंडेशनला ५,००० लाभार्थी हवेत. जमेल?
३) प्रभागवार शिबिरं घ्यावीत की एका जागी टेबल मांडावं?
४) १८ महिन्यांनंतर काय, हे प्रस्तावात लिहायचंय. 'पुढे नगरपरिषद चालवेल' असं लिहून टाकावं का?

खतावणी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पैसे न्यासाच्या खात्यात, जागा आणि मान्यता नगरपरिषदेची. रक्कम नगरपरिषदेकडे गेली की ती अंदाजपत्रकात शिरते. मग लेखाशीर्ष, प्रशासकीय मान्यता, निविदा, देयक, लेखापालाचे शेरे. १८ पैकी सहा-आठ महिने त्यातच जातात आणि तुमचे समुपदेशक 'मनुष्यबळ पुरवठा' ठेक्यात जाऊन बसतात. लोकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला नेमलेल्या माणसाचाच पगार तीन-तीन महिने थकलेला, असं केंद्र मग चालायचं कसं?

नगरपरिषदेकडून तीन गोष्टी लेखी घ्या. सभेचा ठराव (प्रशासक असेल तर प्रशासकाचा). त्या ठरावाचा क्रमांक टाकून केलेला सामंजस्य करार, ज्यात खिडकी किंवा खोली नेमकी कोणती, वीज-इंटरनेट कोणाचं, वेळ काय हे असेल. आणि समन्वय अधिकाऱ्याचं पदनाम. नाव घालू नका, बदली झाली की करारातलं नाव निरुपयोगी होतं. 'या, बसा इथे' अशा तोंडी परवानगीवर सुरू केलेलं टेबल नवे साहेब आले की जिन्याखाली जातं. निवडणुकीचं वेळापत्रकही आधीच बघून ठेवा. आचारसंहिता लागली की ठराव आणि उद्घाटन दोन्ही लटकतात.

फाउंडेशनकडून हमखास येणारी अडचण : 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको, पगार कमी करा.' ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर कारभारावर करायच्या खर्चाला आहे, राबवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्प खर्चाला नाही. इथे समुपदेशक हाच प्रकल्प आहे. निधी परदेशी असेल तर मात्र गोष्ट वेगळी : परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या कोणाकडे वळवता येत नाही, आणि संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे.

१५ लाखांची मांडणी साधारण अशी बसते : दोन समुपदेशक, महिना २०,००० प्रमाणे ७.२० लाख. अर्धवेळ पर्यवेक्षक १२,००० प्रमाणे २.१६ लाख. वस्तीस्तर संघातल्या (बचत गटांच्या संघातल्या) दोन बायका, प्रत्येकी महिना ६,००० मानधन, २.१६ लाख. प्रवास-फोन ९० हजार, दोन टॅब ३० हजार, प्रशिक्षण ५० हजार, लेखापरीक्षण ३० हजार. झाले १३.५२ लाख. उरलेल्या दीड लाखातून फ्लेक्स छापायचा मोह आवरा. तो पैसा एखादा समुपदेशक मध्येच सोडून गेल्यावर नव्याच्या प्रशिक्षणाला लागतो.

दूरदेशी

५,००० बद्दल. न्यू यॉर्कच्या नगर प्रशासनाने २००६ मध्ये आर्थिक सक्षमीकरणाचं वेगळं कार्यालय काढलं आणि २००८ पासून मोफत, समोरासमोर सल्ला देणारी केंद्रं सुरू केली. २०१३ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजने १ कोटी ६२ लाख डॉलर देऊन तीच पद्धत डेन्व्हर, लान्सिंग, नॅशव्हिल, फिलाडेल्फिया आणि सॅन अँटोनिओ इथे नेली. शहरांना अनुदान आणि मार्गदर्शन देण्याचं काम 'सिटीज फॉर फायनान्शियल एम्पॉवरमेंट फंड' ही ना-नफा संस्था करते. त्या पाच शहरांत मिळून सुमारे २२,००० माणसं आणि ५७,००० बैठका झाल्या. भागाकार करा, माणशी अडीच बैठका पडतात. एका भेटीत कोणाचं काही सुटत नाही.

आता तुमचं गणित. पहिली बैठक तासाभराची, पुढच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या. एका समुपदेशकाच्या दिवसाला पाच बैठका म्हणजे डोक्यावरून पाणी. दोघांच्या मिळून महिन्याच्या २२ दिवसांत २२०. वेळ घेऊन न येणारे एक तृतीयांश धरा, उरल्या जेमतेम १५०. पहिले तीन महिने भरती-प्रशिक्षणात गेले तर १५ महिन्यांत २,२५०. माणशी तीन बैठका धरल्या की ७५० माणसं. फाउंडेशनला हाच हिशेब कागदावर दाखवा. ५,००० मान्य केलेत तर शिबिरातल्या सह्यांची पानं भरत बसावं लागेल.

त्या शहरांत मोजणीही ठरलेली असते : कर्ज किमान १० टक्क्यांनी उतरलं का, क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) किमान ३५ अंकांनी वाढला का, सुरक्षित खातं उघडलं का. आपल्याकडे स्कोअरला इतकं महत्त्व देऊ नये असं माझं मत, पण 'किती जण आले' यापलीकडे काहीतरी मोजायचं हे मात्र उचला.

हजेरीशेड

शिबिर की टेबल? टेबल. तेही पाणीपट्टी-घरपट्टीच्या भरणा खिडकीशेजारी, जिथे माणूस एरवीही येतो.

वेळेत सगळे चुकतात. सफाई कामगार पहाटे हजेरीला जातात आणि दुपारी सुटतात. घरकामवाल्या मावश्यांना सकाळ-संध्याकाळच्या कामांमधली दुपारच मोकळी. भाजीवाल्यांचंही गिऱ्हाईक दुपारी पातळ. तिघांची सवड १ ते ४, आणि कार्यालयाची जेवणाची सुट्टी नेमकी त्यातच. करारात केंद्राची वेळ १२ ते ७ लिहा आणि दोघांनी आळीपाळीने जेवा. आठवड्यातून एक दिवस टेबल हजेरीशेडवर न्या.

पहिल्या बैठकीला काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून द्या : सगळी पासबुकं (बंद पडलेलीसुद्धा), मायक्रोफायनान्सच्या गटाची (गटातून घेतलेल्या छोट्या कर्जांची) हप्ता कार्डं, आधार, आणि आधारला जोडलेला नंबर चालू असलेला फोन. फोन मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर, मग ओटीपी येत नाही नि बैठक वाया जाते.

हप्ते मोजताना एक चूक सर्रास होते. समजा घराचं उत्पन्न महिना १८,००० आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या मायक्रोफायनान्स नियमांत (वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाची घरं) सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जायला नकोत, म्हणजे इथे ९,०००. मंगळवारच्या गटाचा हप्ता १,१०० आणि शुक्रवारच्या गटाचा १,०५०, आठवड्याला २,१५०. चार आठवड्यांनी गुणलं तर ८,६००, बसतंय असं वाटतं. पण वर्षात आठवडे ५२. २,१५० गुणिले ५२ भागिले १२ केलं की ९,३१६ येतात. मर्यादा ओलांडली गेलेली असते आणि पाचवा मंगळवार आला की बाई शेजारणीकडून हातउसने घेते. पहिल्याच बैठकीत कॅलेंडरवर वारांना गोल करून दाखवा. तोंडी हिशेब पटत नाही, गोल दिसले की पटतो.

सावकाराचं कर्ज असेल तर आधी विचारा, परवाना आहे का. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्याखाली विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे जाते. पण अशिलाला न विचारता तक्रार ठोकू नका. गावात त्याच माणसाकडून उद्या दवाखान्याला पैसे घ्यायचे असतात, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

काठपदर

७५० चा हिशेब पाठवून दिला. आता नवा मुद्दा : फाउंडेशन विचारतंय, पहिल्या तीन महिन्यांत 'लवकर दिसणारं' काय दाखवाल? नवी खाती उघडली तर चालेल का?

पासबुक_छापा

नवी खाती उघडू नका! दुखणं बहुतेक वेळा जास्त खात्यांचंच असतं. सरकारी योजनेचे पैसे आधारच्या आधाराने येतात, आणि एनपीसीआयच्या (पैसे-हस्तांतराची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) नकाशात, म्हणजे कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे त्या यादीत, एका आधारला एकच बँक असते. खातं आधारशी 'लिंक' असणं वेगळं आणि डीबीटीसाठी (योजनेचे पैसे थेट खात्यात येण्यासाठी) 'सीड' असणं, म्हणजे त्या यादीत असणं, वेगळं. बाई दाखवते ते पासबुक एका बँकेचं, आणि पैसे जाऊन पडलेत तीन वर्षांपूर्वी शिबिरात उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात. तुम्ही आणखी एक खातं काढून त्यात सीडिंग केलं की चालू असलेला पैसाही तिकडे वळेल.

क्रम असा ठेवा. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, बँकेचं नाव कळतं. त्या खात्यात दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं, केवायसीही शिळं असेल. आधी ते जागं करा आणि अडकलेली रक्कम काढा. मग ज्या एका खात्यात माणूस खरंच व्यवहार करतो तिथे सीडिंग हलवा, संमतीच्या अर्जाची पोच घ्या आणि आठवड्याने स्टेटस पुन्हा बघा. अर्ज दिला म्हणजे सीडिंग झालं असं धरू नका. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फोन १४४४८.

विम्याचंही बघा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि पंतप्रधान सुरक्षा (अपघात) विम्याचे २० रुपये दरवर्षी मे अखेरीला आपोआप कापले जातात. दोन खात्यांतून विमा घेतलेला असला तर दोन्हीकडून कापले जातात, दावा मात्र एकाच विम्याचा मिळतो. आणि एकाच खात्यावर भिस्त असेल व मेच्या शेवटी त्यात ३०० रुपये असतील तर जीवन विमा गुपचूप बंद. २० मेच्या सुमारास सगळ्या अशिलांना एक फोन, एवढं काम. 'लवकर दिसणारं' म्हणून हेच मोजा : किती जणांचे अडकलेले पैसे मोकळे झाले आणि किती रुपये.

हजेरीशेड

पुस्ती. फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी कर्जाचे टप्पे आता १५,०००, २५,००० आणि ५०,००० असे आहेत, वेळेवर फेडणाऱ्याला ७ टक्के व्याज अनुदान. पण आधीचंच कर्ज थकलेलं असताना अर्ज भरून देणं म्हणजे नकार ओढवून घेणं. आधी क्रेडिट अहवाल (कर्जांची नोंद) काढा, तो देणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एकदा फुकट मिळतो. फेडलेलं कर्ज अजून 'चालू' दिसतंय हे अनेकदा तिथेच सापडतं.

भाजीवाल्यांची रोजची पिग्मी कुठे जाते हेही विचारा. पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं) ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, सहकारी बँकेतल्या ठेवीला असतं. पिग्मी बंद करा असं सांगू नका, ती शिस्त सोन्यासारखी आहे. मोठी रक्कम साठली की बँकेत हलवायला सांगा.

खतावणी

चौथा प्रश्न राहिला. 'पुढे नगरपरिषद चालवेल' हे वाक्य कोणी गंभीरपणे वाचत नाही. त्याऐवजी लिहा : पुढच्या अंदाजपत्रकापासून केंद्राच्या एका समुपदेशकाचा काही खर्च नगरपरिषदेने महिला व बालकल्याणाच्या ५ टक्के निधीतून उचलावा, असा प्रस्ताव सातव्या महिन्यात देऊ. दूरदेशींनी सांगितलेल्या फंडाकडूनही शहराचा स्वतःचा वाटा मागितला जातोच. वाटा लहान असला तरी चालेल, पण अंदाजपत्रकात ओळ हवी. ती तयारी डिसेंबर-जानेवारीत होते. तुमचं केंद्र जूनमध्ये सुरू झालं तर डिसेंबरला हातात सहा महिन्यांचे आकडे असतील; जानेवारीत सुरू झालं तर पहिलं वर्ष हुकलंच.

ठेक्यावरच्या सफाई कामगारांसाठी सर्वात मोठी गोष्ट सल्ला केंद्राच्या बाहेर आहे. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ थकवला तर जबाबदारी शेवटी मूळ नियोक्ता म्हणून नगरपरिषदेवर येते. ठेकेदाराचं देयक काढताना मागच्या महिन्याचं पीएफ चलन आणि बँकेतून पगार दिल्याची यादी जोडणं सक्तीचं करा, ही टिपणी समन्वय अधिकाऱ्याकडून ठेववा. तुमच्याकडे पासबुकं येतातच, पगार किती तारखेला पडला हे त्यांवरून महिन्याच्या महिन्याला कळेल.

काठपदर

सुरुवात जूनचीच ठरवतोय. अशिलांची कागदपत्रं केंद्रात किती काळ ठेवायची?

पासबुक_छापा

आधारच्या झेरॉक्स अजिबात ठेवू नका. बघा, परत द्या. नोंदवहीत केंद्राचा स्वतःचा अनुक्रमांक आणि फोन नंबर पुरे. फाउंडेशनला लाभार्थ्यांची यादी हवी असेल तर अनुक्रमांक, प्रभाग आणि आकडे द्या. कोणाचं किती कर्ज आहे ते नगरपरिषदेच्या आवारात नावानिशी फिरलं तर दुसऱ्या बैठकीला कोणी येणार नाही. वही कुलपात, किल्ली शिपायाकडे नाही, समुपदेशकाकडे.