ग्राफिक्स नसलेला गेम (आमच्या सोसायटी ग्रुपवरून)

बी-४०२: एक विचारायचं होतं. आमचे चिरंजीव सकाळपासून काळ्या स्क्रीनवर नुसतं टाइप करतायत. चित्र नाही, आवाज नाही. म्हणतो गेम आहे. हॅकिंगबिकिंग नाही ना?

ए-१०१: ताई, विटांची छोटी इमारत, जंगल, ओढा असं काही लिहिलंय का?

बी-४०२: हो काका!

ए-१०१: मग निर्धास्त राहा. 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' आहे तो. विल क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास लिहिला. माणूस अर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) काम करायचा आणि हौसेने गुहा धुंडाळायचा. केंटकीतल्या मॅमथ केव्हचे नकाशे करण्यात त्याचा हात होता. घटस्फोटानंतर मुलींना खेळायला म्हणून तीच गुहा त्याने कॉम्प्युटरवर आणली. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली.

सी-७०३: आणि आजची पोरं ते खेळतात? आमच्याकडे ग्राफिक्स जरा अडकलं की घर डोक्यावर घेतात.

ए-१०१: इथे अडकायला ग्राफिक्सच नाही 😄 कागद-पेन्सिल मात्र हवी. एका चक्रव्यूहात सगळ्या जागांचं वर्णन शब्दन्‌शब्द सारखं. आम्ही प्रत्येक ठिकाणी एकेक वस्तू टाकत जायचो आणि त्यावरून नकाशा काढायचो. आयता नकाशा मिळाला असता तर ती गुहा मी केव्हाच विसरलो असतो.

सेक्रेटरी: टँकर ५ वाजता येतोय. गेट २ समोरच्या गाड्या हलवा.

बी-६०१: माझ्या भावाला दिसत नाही. स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) हे गेम जसेच्या तसे वाचतो. बाकीच्या गेममध्ये शेजारी कोणीतरी बसून सांगावं लागतं, 'झॉर्क' नावाचा असाच गेम त्याने एकट्याने पुरा केला.

ए-१०१: वा! एमआयटीच्या पोरांचा तो. अंधारात दिव्याशिवाय फिरलं की ग्रू नावाचा राक्षस खातो. आणि ग्रू उजेडात येतच नाही, म्हणजे बघायची सोयच नाही.

सी-७०३: इंग्रजी मात्र लागणार.

ए-१०१: हो, ते आहेच. पण 'कोलॉसल केव्ह'ला दोन शब्द पुरतात. काय करायचं आणि कशाचं.

बी-४०२: काका, मी मुलगा. पक्षी पिंजऱ्यात येतच नाही, घाबरतो.

ए-१०१: हातात काय काय आहे?

बी-४०२: दिवा, पिंजरा, गंजक्या चांदणीची काळी काठी.

ए-१०१: मग कशाला घाबरत असेल, विचार कर.

सी-७०३: काठी खाली ठेव रे!

बी-४०२: काकूऽऽ, उत्तर कशाला सांगितलंत 😡

ए-१०१: असू दे. पुढे ड्रॅगन आहे. त्याचं कोणी बोलायचं नाही.

सेक्रेटरी: गेट २ समोरची पांढरी गाडी कोणाची?

सी-७०३: माझीच, आले. काका, तोवर लिंक टाकून ठेवा.