शब्द हवा आहे: 'इन्फ्लमेशन'ला सूज म्हणावं, दाह की शोथ?

प्रश्न

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरची एक माहितीपुस्तिका मराठीत करते आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. 'इन्फ्लमेशनमुळे ट्यूमर वाढायला मदत होते' हे कसं लिहू? 'सूज' म्हटलं की लोकांना पायावरची सूज आठवते. 'जळजळ' म्हटलं की पित्त. 'शोथ' कोशात आहे, पण माझ्या सासूबाईंनी तो आयुष्यात ऐकलेला नाही, आणि पुस्तिका त्यांच्यासारख्यांच्याच हातात जाणार आहे. शिवाय 'प्रॉग्नोसिस'ला, म्हणजे आजार पुढे कसा जाईल या अंदाजाला, 'रोगनिदान' असं छापलेलं पाहिलं. निदान म्हणजे डायग्नोसिस ना?

प्रतिसाद

ताई, निदानाबद्दल तुमचंच बरोबर आहे.

'शोथ' आला 'श्वि' या धातूवरून, म्हणजे फुगणे. 'दाह' आला 'दह्'वरून, म्हणजे जळणे. 'इन्फ्लमेशन'च्या लॅटिन मुळाशीही आगच आहे. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं दिली: लाली, सूज, उष्णता, वेदना. यातल्या सुजेला त्याचा लॅटिन शब्द होता 'ट्यूमर'! तुमच्या वाक्यातला ट्यूमर एके काळी इन्फ्लमेशनचंच लक्षण होता. आपल्याकडे सुश्रुताने मात्र दोन्ही वेगळे ठेवले. शोफ, म्हणजे शोथच, आधी कच्चा असतो, मग पिकत जातो, मग पिकतो. अर्बुद, म्हणजे ट्यूमर, पिकत नाही. म्हणून ट्यूमरला 'गाठ'च म्हणा, सुजेच्या जवळपासही नेऊ नका.

मराठी विश्वकोशात 'दाहयुक्त सूज' असा प्रयोग येतो. पहिल्या उल्लेखाला तो चांगला आहे, पुढे नुसतं 'दाह'.

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजी शिकवते. 'सूज' नको याला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. या आजारात आतडं किती सुजलं यापेक्षा पेशी एकमेकींना काय कळवतात हे महत्त्वाचं ठरतं.

कॅन्सरच्या ऊतीत पांढऱ्या पेशी दिसतात, हे जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्यात दाह होऊन व्रण पडण्याचा आजार) वर्षानुवर्षं राहिला तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. २००४ मध्ये उंदरांवर झालेला एक प्रयोग मी दरवर्षी मुलांना सांगते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये 'एनएफ-कप्पा-बी'ला, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला, जागं करणारा एक दुवा काढून टाकला. दाह तेवढाच राहिला, पण गाठी खूप कमी झाल्या! तोच दुवा पांढऱ्या पेशींतून काढला तेव्हा गाठी लहान राहिल्या. म्हणजे एकीकडे गाठ धरण्याची सोय होत होती, दुसरीकडे तिला पोसलं जात होतं. पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना कळवण्यासाठी वापरायची प्रथिनं, सोडतात. त्यांतून अस्तराच्या पेशींना 'वाढा, मरू नका' असा हुकूम जातो. जखम भरताना हा हुकूम हवाच असतो. तो थांबत नाही तेव्हा घात होतो.

'क्रॉनिक'ला म्हणूनच 'जुनाट' नको. जुनाट म्हणजे जुनं झालेलं. इथे तर रोज नव्याने जळतंय. मी वर्गात 'धुमसणारा दाह' म्हणते. ज्वाळा दिसत नाही, धग असते.

एक विनंती. पुस्तिकेत 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं वाक्य असेल तर कृपया काढा. पांढऱ्या पेशी सगळ्या एका बाजूच्या नसतात. पॅरिसमधल्या जेरोम गालों यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं की गाठीत आणि तिच्या कडेला टी पेशींची (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दाटी असेल तर आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यता कमी असते. त्यावरूनच पुढे ही दाटी मोजणारा 'इम्युनोस्कोअर' आला. उलट रक्तात सीआरपी (दाह असला की वाढणारं प्रथिन) चढलेलं असेल, तर ते सहसा चांगलं लक्षण नसतं. दोन्ही ठिकाणी प्रतिकारयंत्रणा जागीच आहे, फक्त कुठली पेशी, कुठे आणि काय कळवते आहे यात फरक आहे.

प्रतिसाद

प्रॉग्नोसिसला वैद्यांचा शब्द 'साध्यासाध्यता', पण त्यातला 'असाध्य' रुग्णाच्या डोळ्यांपुढे नको. 'पूर्वानुमान' मला परका वाटतो. नातेवाईक डॉक्टरांना 'पुढे कसं आहे?' असंच विचारतात. 'आजाराचा पुढचा अंदाज' लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं केलं आहे: 'आतड्यात दाह धुमसत राहिला, तर तिथल्या पांढऱ्या पेशींचे निरोप गाठीला वाढायला मदत करतात. काही पांढऱ्या पेशी मात्र गाठीशी लढतात. त्या गाठीत दाट असतील, तर आजाराचा पुढचा अंदाज बरा असतो.'

'सिग्नल'ला 'संकेत' लिहिलं होतं. सासूबाईंना तो शकुन-अपशकुनातला वाटला, म्हणून 'निरोप' केलं. ते त्यांना लगेच कळलं. पण रात्री पान परत वाचताना थांबले. निरोप देतात तसा घेतातही, आणि हे पान हातात धरणारा माणूस कॅन्सरचा रुग्ण असणार आहे. तिथे 'सांगावा' केलं आहे. कुणाला याहून सोपा शब्द सुचला तर शुक्रवारच्या आत कळवा, पान छपाईला जायचंय.