टाटा मोबाईल २०६ घरीच उभी करायची आहे, बजेट सव्वा लाख. सुरुवात कुठून करू?

कोपरखैरणेकर

नमस्कार मंडळी. वडिलांची टाटा मोबाईल २०६ पिकअप गाडी आहे, १९९० चं मॉडेल, एमएच-०४ पासिंग. आमचं मसाल्याचं दुकान होतं तेव्हा एपीएमसीतून मिरची-धण्याची पोती हीच आणायची. वडील गेले तेव्हापासून घणसोली गावठाणात मामांच्या शेडखाली उभी आहे. वर पत्रा आहे, पण बाजू उघड्या, आणि खाडी तिथून लांब नाही.

सध्याची अवस्था: ड्रायव्हरच्या पायाखाली भोक, रबरी मॅट उचलली की जमीन दिसते. फाळक्याचं एक बिजागर तुटलंय. ब्रेक पेडल थेट खाली जातं. इंजिन उभी केली तेव्हा चालू होतं, नंतर कोणी सेल्फ मारलेला नाही. एका गॅरेजवाल्याने बघितली, म्हणाला पूर्ण खोलायची, साडेतीन लाख धरा. माझ्याकडे सव्वा लाख आहेत आणि तेही एकरकमी नाहीत, पगारातून सुटतील तसे. पाना धरता येतो, स्कूटरची कामं मी स्वतःच करतो. मेव्हण्याकडे ग्राइंडर आहे.

आणखी एक अडचण म्हणजे गणपतीत मामांचा मांडव त्याच शेडखाली पडतो. तोवर गाडी निदान बाजूला सरकवता आली पाहिजे.

आधी इंजिन की आधी पत्रा? खरंच पूर्ण खोलावी लागेल का? पार्ट कुठे मिळतील?

हिशेबी_माणूस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अधिकृत स्क्रॅप सेंटरला द्या. सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी भंगारात दिल्याचा दाखला) मिळतं, नवीन गाडी घेताना उपयोगी पडतं. सव्वा लाख घालून जी गाडी हातात येईल तिला बाजारात सव्वा लाख कोणी देणार नाही.

खारेगावकर

हिशेबी भाऊंचा हिशेब बरोबर आहे, पण विचारणाऱ्याने किंमत विचारलेली नाही, कृती विचारली आहे. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या मेंटेनन्समधून रिटायर झालो, आता कळव्याला असतो. जुन्या डिझेल गाड्यांत हात काळे करणं हा छंद. तेव्हा थोडं लांबण लावतो.

गाडी पूर्ण खोलू नका. गॅरेजवाल्याला ते परवडतं, त्याच्याकडे जागा आहे, पोरं आहेत. घरी सुरू झालेली बहुतेक कामं इथेच मरतात. दरवाजे माळ्यावर, बोनेट गच्चीत, नट-बोल्ट डालड्याच्या डब्यात, आणि कुठला बोल्ट कुठला ते कोणालाच आठवत नाही. मग एक दिवस घरातली मंडळी भंगारवाल्याला हाक मारतात. एका वेळी एकच भाग उघडायचा, तो पुरा करायचा, बंद करायचा, मग पुढचा. गाडी चाकांवर राहिली पाहिजे. तुम्हाला तर मांडवासाठी ती हलवायचीच आहे.

क्रम असा: चासी (खालचा सांगाडा) तपासणी, ब्रेक, इंजिन, केबिनचा पत्रा, मागचा हौदा. रंग सगळ्यात शेवटी. लोक उलटं करतात, कारण रंग दिसतो आणि ब्रेकचा व्हील सिलिंडर दिसत नाही.

चासीला पैसा लागत नाही. अर्धा किलोचा हातोडा आणि जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या, खाली शिरा आणि मागून पुढे ठोकत या. चांगलं लोखंड ठणकतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. हौद्याचे आडवे बीम चासीवर जिथे टेकतात, कमानीपाट्यांचे हँगर, केबिन माउंटिंगच्या आजूबाजूचा भाग, या जागा आधी बघा, चिखल तिथेच साठतो. नुसता वरचा पापुद्रा गंजला असेल तर वायर ब्रश मारून इपॉक्सी प्राइमर लावा. भोक पडलं असेल तर मात्र ते घरचं काम नाही. चासीला पट्टी लावायची एक रीत असते: चासीच्या लांब रेलवर सरळ उभी वेल्डिंग मारली तर पुढे तिथेच चीर जाते, म्हणून पट्टीची टोकं तिरपी कापतात. ट्रकच्या चासीचं काम करणारा माणूस कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या बाजूला शोधा.

खाली शिरण्याआधी एक. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या घ्या. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावायचा विचारही करू नका, ते आधी सांगून फुटत नाहीत.

ब्रेक. पेडल खाली जातंय म्हणजे मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळालेत, मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत, किंवा दोन्ही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे उभ्या गाडीत सिलिंडर आतून गंजतो. आत बोट फिरवा. खड्डे लागले तर नुसतं वॉशर किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. रबरी होज बाहेरून ठीक दिसले तरी सगळे नवे घाला, आतून फुगून बंद होतात. ड्रम उघडल्यावर धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

टायरवरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार आकडी तारीख असते, ३२१४ म्हणजे २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर बहुधा बदलावेच लागतात आणि तुमच्या सव्वा लाखातला मोठा घास तिथे जातो, आत्ताच धरून ठेवा.

आता चांगली बातमी. टाटा मोबाईल १९८८ साली आली. तिच्याच पायावर सिएरा १९९१ ला आणि इस्टेट १९९२ ला निघाली, आणि त्यातलंच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन १९९४ च्या सुमोतही होतं. सिएराच्या नावाने पार्ट मागितला तर दुकानदार हौशी गिऱ्हाईक समजून भाव चढवतो. जुन्या सुमोचा म्हणून मागा. इंजिनचा बराचसा माल अजून मिळतो. काचा, लाइट, बाहेरच्या पट्ट्या मिळवताना मात्र घाम निघेल. कुर्ल्याला सीएसटी रोडला चक्कर मारा, जुना पार्ट सोबत न्या आणि तिथेच शेजारी शेजारी धरून बघा. फोनवर ‘सेम टू सेम है’ म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे पाठवू नका.

केबिनच्या पत्र्यावर सगळ्यात जास्त पैसे वाचतात, म्हणून इथे नीट वाचा. डेंटर वेळेचे पैसे घेतो, आणि त्याचा निम्मा वेळ मॅट काढण्यात, गंज घासण्यात, पत्रा मापाने कापण्यात जातो. ते सगळं तुम्ही करा. कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. आधी पुठ्ठ्याचा फर्मा काढा, मग त्यावरून पत्रा. फ्लोअरला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरे. आठ बाय चारची अख्खी शीट साधारण २८ किलो भरते, तेवढी तुम्हाला लागणारच नाही. महापे किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे कटपीस मागा, वजनावर देतो. तुकडे बसवून, क्लॅम्प लावून सगळं तयार ठेवा, मग सीओटू वेल्डिंगवाल्याला एकाच दिवशी बोलवा. तो फक्त जोडेल आणि जाईल. साधं आर्क वेल्डिंग पातळ पत्र्यावर नको, भोकं पडतात. एक टाका इथे, पुढचा तिकडे लांब, असं मारायला सांगा, सलग ओढलं तर पत्रा पापडासारखा वाकडा होतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. पाण्याची बादली आणि ओलं पोतं हाताशी हवं, सीटचा फोम पेटायला वेळ लागत नाही.

गंजावर नुसती लांबी (पुट्टी) भरून देणारा भेटला तर नमस्कार करून पुढे चला. पहिल्या पावसात ती फुगते. बाटलीतलं रस्ट कन्व्हर्टर खड्डे पडलेल्या पत्र्यावर चालतं, भोकावर नाही.

हौद्याला ब्रशने सिंथेटिक इनॅमल मारा. मालवाहू गाडी आहे, चकाकी कशाला? केबिनला स्प्रे करायचाच असेल तर दिवाळीनंतर करा, दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट पांढरट पडतो. आणि उघड्या प्राइमरवर पावसाळा काढू नका, साधा प्राइमर पाणी पितो. पीयू (पॉलियुरेथेन) पेंट गावठाणात, घरांना घर लागून असताना मारूच नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्कने ते अडत नाही.

आरटीओची_पायरी

काकांनी लोखंडाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. पहिला रुपया खर्च करण्याआधी हे बघा.

नंबर प्लेट पांढरी आहे की पिवळी? पांढरी असेल तर पंधरा वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते, पर्यावरण कर वेगळा. पिवळी असेल तर दरवर्षी फिटनेस, आणि मधल्या काळातला थकलेला टॅक्स असेल तर तोही. काही ठिकाणी टॅक्सची थकबाकीच गाडीपेक्षा महाग निघते, म्हणून ठाणे आरटीओत आधी आकडा काढा.

आरसी जुनं हाताने लिहिलेलं पुस्तक असेल तर वाहन पोर्टलवर गाडी दिसणारच नाही. बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) करून घ्यावी लागते, आणि तुमची गाडी एमएच-०४ असल्यामुळे ती वाशीला नाही, ठाण्याला. वडिलांच्या नावावरून तुमच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. विक्रीचे २९ आणि ३० वेगळे, एजंट घाईत तेच पुढे करतो.

‘व्हिंटेज’मध्ये टाका असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि ती रोज फिरवताही येत नाही. तुमची १९९० ची.

चासी नंबर जिथे पंच केलेला आहे तिथे ग्राइंडर अजिबात लावू नका! रॉकेल आणि फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिलची छाप घ्या, फोटो काढा, मग त्यावर ग्रीस फासून ठेवा. इन्स्पेक्टरला तो नंबर वाचता आला नाही तर बाकी गाडी कितीही सुंदर असली तरी काम अडतं. इंजिन बदलायचा विचार आला तर आरटीओची परवानगी आधी घ्यायची. तेच इंजिन दुरुस्त केलं तर हा प्रश्न येत नाही.

शिवणवाली_नेरूळ

सीटसाठी कुशनवाल्याकडे जायची गरज नाही. जुनं कव्हर उसवून तोच फर्मा धरा. घरच्या मशीनवर पातळ रेक्झिन १८ नंबरच्या सुईने शिवता येतं, टाका मोठा ठेवायचा. दाब चिकटायला लागला तर रेक्झिनवर टाल्कम पावडर भुरभुरवा. टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा.

कोपरखैरणेकर

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून लगेच हातोडा घेऊन खाली गेलो. चासी जवळपास सगळी ठणकते. मागच्या डाव्या कमानीच्या हँगरजवळ मात्र आवाज बद्द आहे, स्क्रू ड्रायव्हर आत गेला नाही, पण पापुद्रे निघाले. चासी नंबर सापडला, छाप घेतली.

प्लेट पिवळीच आहे. थकबाकी विचारायला ठाण्याला जातो.

दोन प्रश्न. डिझेलची टाकी खालून पाझरते, वेल्डिंगवाला येणारच आहे तर तीही मारून घेऊ का? आणि इंजिन फिरतंय का हे सेल्फ मारून बघू का? मेव्हणा नवी बॅटरी आणायच्या तयारीत आहे.

खारेगावकर

दोन्हीला नाही.

टाकीला वेल्डिंग लावायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, आत वाफ असते. रेडिएटर-टाकीचं काम करणारे ती आधी वाफेने किंवा गरम पाण्याने धुऊन मग झाळतात. टाकी उतरवून त्यांच्याकडे न्या, फ्लोटचं भोक बोळ्याने बंद करून. तळाला गंजाचा चुरा असेल तर कुर्ल्याहून दुसरी टाकी आणलेली बरी. तो चुरा पंपात आणि नोझलमध्ये गेला की बजेट तिथेच संपलं.

हँगरजवळचा भाग नुसत्या घासण्यावर सोडू नका. पापुद्रे निघाले म्हणजे जाडी कमी झालीये. कमानीचा सगळा भार तिथेच येतो. चासीवाल्याला दाखवा, पट्टी लागेल असं मला वाटतं.

सेल्फ तर मुळीच नको. एवढ्या दिवसांत रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील, सेल्फच्या जोराने तुटतील. हीटर प्लगच्या (चालू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) मुळाशी डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी हळूहळू, थोडं पुढे थोडं मागे करत सोडवा. घाई केली तर प्लग हेडमध्येच तुटतो आणि मग हेड उतरवावं लागतं. प्लग निघाले की प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल आत सोडा आणि पुन्हा एक रात्र थांबा. मग गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना अडण, आणि क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याची गोटी (सॉकेट पाना) लावून हाताने फिरवा. अडलं तर जोर करू नका, आणखी ऑइल सोडा.

काढलेले प्लग तपासून ठेवा. बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्पची एक वायर प्लगच्या टोकाला, प्लगची बॉडी मायनसला. दिवा लागला तर तार शाबूत आहे, नाही लागला तर प्लग गेला. मेव्हण्याला बॅटरी आणू दे, पण तोवर ती याच कामाला वापरा.

पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले की इथे लिहा, मग डिझेल लाइन आणि एअर काढायचं बघू.