विमानतळाला दिबांचंच नाव कशाला?

वाशीकर : नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तरी नावाचा वाद मिटत नाही. दि. बा. पाटील पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, मान्य. पण जन्मभर शेकापचा लाल बावटा धरला आणि उतारवयात शिवसेनेत गेले. जिल्ह्यापुरत्या नेत्याचं नाव आंतरराष्ट्रीय विमानतळाला कशाला?

उलव्याचा : 'जिल्ह्यापुरत्या' वाचलं आणि राहवलं नाही. नवी मुंबई ९५ गावांच्या जमिनीवर उभी आहे, तुमची वाशीही. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दिबांनी उभारलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. माझे बाबा जासईला होते. खाडीच्या बांधावरून पळताना चपला चिखलात राहिल्या. रात्री आजी कंदिलाशी बसून त्यांच्या तळव्यातले शिंपल्यांचे तुकडे काढत होती. त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले.

वाशीकर : आणि त्या साडेबारा टक्क्यांचं केलंत काय? भूखंड हातात यायच्या आधीच दलालाला विकले, लग्नांत उडवले. आता गावठाणात सात-सात मजले चढवताय. दोन इमारतींत हात शिरत नाही. आग लागली तर बंब कुठून न्यायचा?

कोपरखैरणेची लेक : तोंड सांभाळून बोला. गावठाण वाढवून दिलं नाही, चार भावांचे संसार एका पडवीत मावतात का? गरजेपोटी बांधलीत ती घरं. आणि विकण्याचं म्हणाल तर आमच्या आज्याला सही येत नव्हती, अंगठा दिला. फाईल वर्षानुवर्षं एकाच टेबलावर पडून. आईचं ऑपरेशन निघालं, तेव्हा दलाल रोकड घेऊन ओट्यावर बसला होता. अंगठ्याची शाई पुसायला आज्याने धोतराचा सोगा वापरला. तो डाग आजीने धुऊ दिला नाही.

ठाणेकर : नाव द्या हो, पण विमानतळासाठी दहा गावं उठवली, तिथल्या पोरांना कामावर कोण घेणार? माझा मेहुणा त्यातलाच. शिकलेला आहे आणि कंत्राटदाराकडे सामान ढकलतो. पाटी लागली की सगळे नेते फोटो काढून मोकळे.

उलव्याचा : नोकऱ्यांचं खरं आहे, त्यासाठीही रस्त्यावर येऊ. शिवसेनेचं म्हणाल तर ते आम्हालाही लागलं. बाबा कित्येक दिवस दिबांचं नाव घेत नव्हते. तरी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने विमानतळाला बाळासाहेब ठाकरेंचं नाव सुचवलं, तेव्हा २४ जून २०२१ ला, दिबांच्या स्मृतिदिनी, गुडघे दुखत असताना बेलापूरला सिडको भवनाच्या घेरावाला गेले. २९ जून २०२२ ला ठाकरे सरकारनेच शेवटच्या बैठकीत दिबांच्या नावाला मंजुरी दिली. मग अजून वाद कसला?

वाशीकर : अंगठ्याचं मला माहीत नव्हतं, ताई. उडवले म्हणालो, ते चुकलं. द्या नाव. पण सात मजल्यांचं बोललो ते मागे घेणार नाही.

कोपरखैरणेची लेक : नका घेऊ. बंबाला रस्ता आम्हालाही हवाय. 'जिल्ह्यापुरत्या' तेवढं मागे घ्या.