पूर आणि भरतीची गाठ

पाऊस थांबला की पुराचे पाणी उतरते, हे मत डोंगराकडच्या नदीला लागू पडते. भरती-ओहोटीच्या नदीकाठी मात्र पावसाइतकेच तिथीकडेही लक्ष ठेवावे लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी आत चढते आणि वरून आलेल्या पुराला वाट मिळत नाही, त्यामुळे पाऊस उघडल्यावरही गटाराच्या तोंडातून गढूळ पाणी उलटे अंगणात येऊ लागते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने (हे दाब मोजण्याचे एकक) उतरला की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटिमीटर वाढते, म्हणून हवेचा दाब उतरलेल्या वादळात धोका अधिक. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते. हे गणित, माझ्या मते, घरातल्या मुलांनाही यायलाच हवे. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा जोर ओसरला की खारे पाणी वर सरकते आणि काठावरच्या विहिरी मचूळ होऊ लागतात.