काचघरातलं ऊन जलरंगात कसं आणायचं?

मुलुंडची कुंचलेवाली: भाचा लंडनला असतो. त्याने तिथल्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानातल्या पाम हाऊसचा, म्हणजे ताडामाडांच्या काचघराचा, आतून काढलेला फोटो पाठवलाय. वरून ऊन, खाली झाडंच झाडं. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर करायला घेतलंय. झाडं जमतात, ऊन येत नाही. सगळं कोबीच्या गड्ड्यासारखं दिसतं. सॅप ग्रीन आणि हुकर्स ग्रीन वापरतेय, काचेवर फिकट हिरवा वॉश (पातळ रंगाचा थर) दिलाय. छताच्या पांढऱ्या पट्ट्या शेवटी पोस्टर व्हाइटने काढू का?

दादर टीटी: पोस्टर व्हाइट नको, खडूसारखा दिसतो. मास्किंग फ्लुइड लावा, म्हणजे रबरी द्रव; त्याच्याखालचा कागद कोरा राहतो, नंतर तो काढून टाकायचा. मात्र या हवेत फार दिवस ठेवू नका, काढताना कागद सोलवटतो. आणि त्यावर ड्रायर अजिबात फिरवू नका.

आजोबा, गिरगाव: ताई, आधी फोटो नीट बघा. पट्ट्या पांढऱ्या रंगवलेल्या असल्या तरी मागे लख्ख आकाश आहे, म्हणून त्या करड्या-निळसर दिसणार. त्या सरळ कुंचल्याने ओढा. झाडांच्या पुढून जातील तेवढ्याच पांढऱ्या, फ्लुइड तिथेच.

काचेचा हिरवा पुढच्या कागदावर टाळा. पाम हाऊस १८४८ ला बांधून झालं तेव्हा उन्हाची धग कमी व्हावी म्हणून खरंच हिरवट काच बसवली होती, पण १८९५ मध्ये ती पद्धत सोडून दिली. तुमचा भाचा काही इतका जुना नसेल.

आता पानं. ऊन पानाच्या मागून आलं की पान पिवळं पेटतं: लेमन यलोत नखभर सॅप. तेच पान वरून बघा, तुकतुकीत पाठीवर आकाश उतरतं: तिथे पातळ कोबाल्ट ब्लू. तळाच्या अंधाराला हुकर्समध्ये अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल. तो गडद पट्टा छातीठोक द्या, त्याच्याशिवाय उजेड उजेड वाटत नाही. सर्वांत उजळ जागी कागद कोराच ठेवा.

फोटोवर फार विसंबू नका, कॅमेरा उजळ भाग खाऊन टाकतो. सकाळी भायखळ्याला राणीच्या बागेत जा, केळीच्या नाहीतर कर्दळीच्या पानाखाली उभं राहून वर बघा. बुधवारी बाग बंद असते.

मुलुंडची कुंचलेवाली: आजोबा, पट्ट्या खरंच करड्या आहेत की! पाऊस उघडला तर गुरुवारी जाते. तिथे घडीचं स्टूल आत नेऊ देतात का?